साडेआठचा पाऊस

रामदास ढोके या माणसाबद्दल मी शेवटी चांगलंच बोलणार आहे. पण आधी थोडं वाईट बोलून घेतो, म्हणजे माझं पोट मोकळं होईल आणि तुम्हालाही पुढचं खरं वाटेल.

आमची स्नेहदीप सोसायटी बिबवेवाडीत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर, ढोक्या तिसऱ्या. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात ढोक्या म्हणतो. इथे मनातलंच सांगायचंय, म्हणून तसंच लिहितो. मी श्रीनिवास घाटपांडे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नारायण पेठ सोडून इथे राहायला आलो तेव्हा नातेवाईक म्हणाले, एवढ्या लांब जंगलात कशाला जाताय? त्या जंगलात आता रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात.

१९९२ साली मी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. पितळी काठाचं नरसाळं, खाली बाटली, आणि मिलिमीटरच्या खुणांचा काचेचा पेला. रोज सकाळी साडेआठला वर जायचं, चोवीस तासांचं पाणी पेल्यात ओतून मोजायचं आणि वहीत शाईने आकडा लिहायचा. पाऊस नसला तरी वर जायचं आणि शून्य लिहायचं. शून्य हाही आकडाच आहे, हे मी तीस वर्षं पोरांना सांगत आलो. मुलाच्या मुंजीच्या दिवशीसुद्धा मी साडेआठला गच्चीवर होतो. आनंदी, म्हणजे माझी बायको, ते अजून विसरलेली नाही.

शाळेने टाकून दिलेला एक फळा मी सोसायटीच्या फाटकापाशी लावून घेतला होता. त्यावर रोज खडूने लिहायचो: कालचा पाऊस, कमाल तापमान, किमान तापमान, खाली सही. लोक थांबून वाचायचे. दूधवाला वाचायचा. समोरच्या सोसायटीतले लोक विचारायचे, "सर, आज छत्री घेऊ का?" मी म्हणायचो, "घ्या, छत्रीला काही खायला घालावं लागत नाही." बिबवेवाडीच्या हवामानाचं खातं चौदा वर्षं माझ्याकडे होतं.

आणि मग ढोक्याने वेबसाइट काढली.

हा ढोक्या मूळचा दारव्ह्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. हडपसरला पंपाच्या कारखान्यात फिटर होता. २००१ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. स्वेच्छा कारखान्याची आणि निवृत्ती कामगाराची, असा तो प्रकार. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ढोक्या घरी बसला. हडपसरलाच एक पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्याने जुनं लेथ मशीन टाकलं, पण तीन-चार वर्षं थांबूनही कामं येईनात. मग त्या मशीनवर प्लॅस्टिक पांघरलं आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसला. बारावीच्या पोरापोरींच्या मध्ये, पुढच्या बाकावर, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून. मी भाजी आणायला जाताना काचेतून पाहिलं आणि घरी येऊन पोटभर हसलो.

सहा महिन्यांनी त्याने स्वतःची वेबसाइट केली. त्यावर सफारीतला फोटो, बायको विमलाबाईंचा फोटो, आपल्याला कोणकोणती मशीनं चालवता येतात त्याची यादी, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'बिबवेवाडीचे हवामान, आत्ता'.

मला हे माझ्या मुलाने सांगितलं. शौनक हिंजवडीला एका कंपनीत आहे. सकाळी साडेसातच्या कंपनीच्या बसने जातो तो रात्रीच उगवतो. तो जेवताना म्हणाला, "बाबा, ढोकेकाकांनी काय भारी केलंय माहितीये? साइटवर लाइव्ह वेदर टाकलंय. आमच्या टीममध्ये सगळ्यांनी बघितलं."

"लाइव्ह म्हणजे?"

"म्हणजे आत्ता या मिनिटाला बाहेर काय चाललंय ते."

"मग खिडकी कशाला असते?" मी विचारलं.

तो हसला आणि त्याने आमटी घेतली.  चौदा वर्षांत या मुलाने माझी वही एकदाही उघडून पाहिली नव्हती. आता ढोक्याची साइट याची अख्खी टीम बघत होती. एकच समाधान होतं. शौनक म्हणाला की ऑफिसातल्या काही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. त्या चौकोनांमुळे मला त्या दिवशी झोप आली.

चौकशी केल्यावर कळलं की ढोक्याचं हवामान त्याचं नव्हतंच. परदेशातली कुठलीशी साइट पुण्याचे आकडे फुकट देत होती, ते याने उचलून आपल्या पानावर लावले होते. आणि ते आकडे होते लोहगावच्या विमानतळाचे. मी दुसऱ्या दिवशी त्याला जिन्यातच गाठलं.

"ढोके, तुमच्या घरी विमान उतरतं का?"

"नाई सर. कायले?"

"मग लोहगावचं हवामान बिबवेवाडीच्या नावाने कशाला खपवता? तिकडे ऊन असतं तेव्हा इथे कात्रजच्या डोंगरावरून पाऊस आलेला असतो. हवामान जिथलं सांगायचं तिथलं मोजावं लागतं. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून घ्यायचं आणि वर यजमान म्हणून मिरवायचं, असं नसतं ते."

मला वाटलं, आता याचं तोंड पडेल. तो म्हणाला, "हे तुमी बराबर सांगतलं सर. हवामान इथलंच पायजे." दुसऱ्या दिवशी तो व्हर्निअर घेऊन माझ्या दाराशी हजर. माझ्या नरसाळ्याचं तोंड मोजू द्याल का, म्हणून विचारायला. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दोन महिन्यांत त्याने शेडमधल्या लेथवर स्वतःचा पर्जन्यमापक केला. तोही असातसा नाही. नरसाळ्याखाली पितळेच्या दोन चिमुकल्या वाट्या, एकाच दांडीवर झुलणाऱ्या. एक भरली की खाली झुकून रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. प्रत्येक झुकण्याला शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर पाऊस. झुकताना चुंबक एका बटणावरून जातो, आणि त्या बटणाची तार तिसऱ्या मजल्यावर त्याच्या खिडकीतून आत. कॉम्प्युटरला जोडायचं तयार उपकरण काही त्याला परवडेना, म्हणून त्याने एक जुना माउस फोडला आणि ती तार माउसच्या डाव्या बटणाला जोडली. म्हणजे वाटी झुकली की कॉम्प्युटरला वाटायचं कुणीतरी क्लिक केलं. गच्चीवर पाऊस क्लिक करायचा आणि ढोक्याच्या साइटवर दर पाच मिनिटांनी आकडा बदलायचा. त्याच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं.

मी ते पाहिलं आणि खरं सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते चांगलं होतं म्हणून. वाईट असतं तर मी कौतुक केलं असतं.

२००६ चा पावसाळा लागला आणि माझे दिवस फिरले. हिंजवडीत, मगरपट्ट्यात कामाला असलेली आमच्या भागातली पोरं ऑफिसात बसून ढोक्याचं पान बघायची आणि घरी फोन करायची, "आई, पाऊस सुरू झालाय, गच्चीवरचे कपडे काढ." आणि आई खरंच वर धावायची. माझा फळा सांगायचा काल किती पडला. कालच्या पावसात कुणाला रस होता?

जुलैच्या आठ तारखेला सेक्रेटरी दीनानाथ शेवडे यांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, "घाटपांडे, फळ्याचा अर्धा भाग ढोक्यांना देऊ. साइटचा पत्ता लिहितील. तुमचं अर्ध्यात मावतं." मी म्हणालो, "अख्खाच द्या की. मला सिगारेटचं पाकीटसुद्धा पुरेल." शेवड्यांना टोमणा कळत नाही. ते म्हणाले, "नको, अर्धा राहू दे तुम्हाला."

नऊ तारखेला सकाळी आभाळ होतं, पण थेंब नव्हता. साडेआठला मी गच्चीवर गेलो. माझ्या बाटलीत काही नव्हतं. दहा फुटांवर ढोक्याचं यंत्र. गच्चीवरच्या नळाखाली मी माझा मापाचा पेला धरला, चार मिलिमीटरच्या खुणेपर्यंत भरला, आणि ते पाणी त्याच्या नरसाळ्यात हळूहळू ओतलं. नरसाळ्याचं तोंड माझ्याच मापाचं होतं, तेव्हा चार म्हणजे चारच. भूगोलाचा मास्तर आहे मी, पापसुद्धा मोजून केलं. आत वाट्या टकटक झुकत होत्या. मग खाली येऊन मी वहीत शाईने लिहिलं: ०.०.

नऊ वाजायच्या आत जिन्यात धावपळ. तीन घरांत फोन आले होते. बायका वर जाऊन कोरड्या गच्चीवरून कोरडे कपडे घेऊन खाली आल्या. "काय हो विमलाबाई, तुमच्या मशीनला पाऊस स्वप्नात दिसला का?" कुणीतरी म्हणालं. मी दारात पेपर घेऊन उभा होतो. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

ढोक्याने यंत्र उतरवलं, वाट्या टूथब्रशने घासल्या, स्क्रू काढून पुन्हा बसवले. दुपारच्या उन्हात तो गच्चीवर उकिडवा बसलेला आणि विमलाबाई त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या. मी वाळत घातलेला टॉवेल आणायच्या निमित्ताने वर गेलो.

"सापडलं का काही?"

"नाई सर. मानूस खोटं बोलला तं समजू शकतो. मशीन कायले खोटं बोलन?"

मी टॉवेल घेऊन खाली आलो. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ऑगस्टच्या दोन तारखेला एका दैनिकाच्या पुणे पुरवणीत त्याचा फोटो आला: 'फिटरकाकांचे हवामानकेंद्र'. बातमीत माझं नाव नव्हतं, असणार तरी कशाला, पण माझं नरसाळं त्याच्या नरसाळ्यामागे फोटोत अर्धं आलं होतं. त्या दिवशीही साडेआठला मी चार मिलिमीटर पाडला. आणि एकवीस ऑगस्टला बाहेर पडताना आनंदीने मला न विचारता जिन्यातून वर हाक मारली, "अहो ढोकेभाऊजी, छत्री घेऊ का हो?" माझ्या स्वतःच्या बायकोने. तेव्हा तिसऱ्यांदा.

तिसऱ्या वेळेनंतर ढोक्याने यंत्र उघडलंच नाही. मला वाटलं, कंटाळला. त्याच्या साइटवर त्याने त्या आकड्यांचं काय केलं ते मी पाहिलं नाही. ती साइट मी मुळी कधी उघडलीच नव्हती. शौनकचा कॉम्प्युटर घरात होता, पण एकवेळ उपाशी राहीन, ढोक्याचं पान बघणार नाही, असं मी ठरवलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला. चप्पल बाहेर काढून, खुर्चीच्या कडेला बसला.

"सर, एक काम होतं तुमच्याकडे. शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देणारी एक संस्था हाय. तिथल्या सलोनी मॅडमनं माही साइट पाहिली. त्याईले गावोगाव बसवायले पंचवीस मशीनं पायजेत. बाहेरची महाग पडतात."

"वा," मी म्हणालो. 

"पण त्या म्हनतात, मशीन बराबर मोजते हे कशावरून? शेजारी हातानं मोजलेला पाऊस पायजे, चार महिन्यांचा, तारीखवार. तो जुळला तं ऑर्डर, नाई तं नाई. मी सांगतलं, माह्या मशीनपासून दहा फुटांवर घाटपांडे सरांचा मापक हाय, चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाई. तुमच्या वहीवर सारं हाय सर."

आनंदीने त्याला पाणी दिलं. त्याने भांडं हातातच धरून ठेवलं.

"पाच वर्षं झाली घरी बसून. पाहुने आले का विमल सांगते, हे रिटायर झाले. मी आतल्या खोलीत जाऊन बसतो. हे काम भेटलं तं शेड उघडीन. माह्यासंगं सुटलेले दोघं जनं हायेत, त्याईलेही बोलावीन."

तो गेल्यावर मी वही काढली. एकशे बावीस दिवस. नऊ जुलै, ०.०. दोन ऑगस्ट, ०.०. एकवीस ऑगस्ट, ०.०. त्याच्या यंत्राने त्या तिन्ही दिवशी चार मिलिमीटर दाखवलेला. कोरड्या दिवशी पाऊस पाडणारं यंत्र कोण विकत घेईल?

मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. हेवा वाटतो त्याची दया येत नाही. पण तो आतल्या खोलीत जाऊन बसतो हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं काम गेलं असतं तर ते माझ्या पेल्याने गेलं असतं, आणि रोज जिन्यात मला त्याचं तोंड बघावं लागलं असतं. खरं सांगून टाकायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आनंदी भिशीला गेल्यावर मी दाढीचं ब्लेड अर्धं मोडलं आणि शाळेत निकालपत्रकावरची शाई खरवडायचो तशी तीन शून्यं अलगद खरवडली. नखाने कागद गुळगुळीत केला. तीन ठिकाणी लिहिलं: ४.०. चौदा वर्षांत त्या वहीत मी एक खोटा आकडा लिहिला नव्हता. आणि तरी मनात आलं की बघा, ढोक्यासाठी मी काय करतोय, आणि त्याला कळणारसुद्धा नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सलोनी मॅडम आल्या. तिशीच्या, खांद्याला पिशवी, बोलायला मोकळ्या. आमच्याच बैठकीच्या खोलीत बसल्या. एका मांडीवर माझी वही, टेबलावर ढोक्याचे छापील कागद. ढोक्या इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेला. आनंदी आत चहा करत होती.

जून महिना जुळला. बारा पूर्णांक चारला बारा पूर्णांक दोन, सातला सात. मॅडम तारखेमागून तारखेवर पेन्सिलीने खूण करत गेल्या. ढोक्या ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होता. मग त्या थांबल्या.

"नऊ जुलै. सरांच्या वहीत चार मिलिमीटर. ढोकेकाका, तुमच्याकडे शून्य?"

मला वाटलं, त्यांची ओळ चुकली. मी वाकून पाहिलं. ढोक्याच्या कागदावर नऊ जुलैसमोर शून्य. त्यांनी पान उलटलं. दोन ऑगस्टला शून्य. एकवीस ऑगस्टलाही शून्य. त्याने ते तिन्ही पाऊस कधीच काढून टाकले होते.

ढोक्याने माझ्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कशासाठी काय केलं ते सगळं त्याला तेवढ्यात कळलं. 

"म्हणजे तुमच्या यंत्राने तीन पाऊस सोडले," मॅडम म्हणाल्या.

"नाई मॅडम. पाऊस नव्हता." तो सावकाश बोलत होता. "गच्चीवर पान्याची टाकी हाय, सरांच्या मापकाच्या अंगाला. ती कधी भरून वाहते. वाऱ्यानं शिंतोडे गेले असतील. सरांनी जे दिसलं ते लिहिलं."

"टाकीचं पाणी जात असेल तर ती जागाच चुकीची. मग सरांचे बाकीचे आकडेही मला धरता येणार नाहीत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सॉरी काका. पुढच्या पावसाळ्यात दुसरा मापक लावून पुन्हा तुलना करू."

"चालते मॅडम," ढोक्या म्हणाला. "एक वर्ष काय, थांबतो."

आता तुम्ही म्हणाल, माझं मन द्रवलं. तसं झालं नाही. मला संताप आला. साइट याची, यंत्र याचं, फोटो याचा, आणि आता मोठेपणाही यालाच. माझं पाप झाकायला हा एक वर्ष आतल्या खोलीत बसणार, आणि मी आयुष्यभर जिन्यात खाली मान घालून त्याचे उपकार वागवणार. ते मी त्याला मिळू देणार नव्हतो.

"टाकी कधीच वाहिली नाही," मी म्हणालो. "पाणी मी ओतलं होतं. यांच्या यंत्रात. तीन वेळा. आणि परवा वहीत खाडाखोडही मीच केली. पान उजेडाला धरा, कागद पातळ झालेला दिसेल."

आनंदी ट्रे घेऊन दारात उभी होती. ती टेबलापाशी आली, कप मांडले आणि म्हणाली, "साखर ज्याची त्याने घ्या." पुढे चार दिवस ती माझ्याशी एवढंही बोलली नाही.

मॅडमनी पान उजेडाला धरलं. मग ढोक्याला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. तो त्याला दाखवायचा नव्हता हे स्पष्ट होतं. त्यावर यंत्राच्या मूळ नोंदी, मिनिटासकट. नऊ जुलै, आठ एकतीस. दोन ऑगस्ट, आठ एकतीस. एकवीस ऑगस्ट, आठ बत्तीस.

"पहिल्या दोन बारीनं मले मशीनचाच संशय आला. तिसऱ्या बारीनं वेळा पाहिल्या. पाऊस काही साडेआठचा ठोका पाहून येत नाई मॅडम. आन साडेआठला गच्चीवर एकच मानूस येते."

चौदा वर्षं दिवसातून एकदाच मोजणारा माणूस मी. पाणी किती, एवढंच मला ठाऊक. ते कधी पडलं हेही कुणी लिहून ठेवत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाइव्ह म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. 

"काय सांगू सर? हवामान इथलंच पायजे, हे तुमीच सांगतलं होतं. त्यावरून तं हे सारं झालं." मग पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं. "आन मले वाटलं, सर मशीन तपासून राहिले. चार वतलं, चार मोजलं. तिन्ही बारीनं बरोब्बर वीस झुका. कमी नाई, जास्त नाई."

मॅडमनी तो कागद ओढून घेतला. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "अहो, हीच तर चाचणी असते. मोजून पाणी ओतायचं आणि यंत्र किती दाखवतं ते बघायचं. ती मी पुढच्या महिन्यात आमच्याकडे करणार होते." त्यांनी मला विचारलं, "सर, पेल्याने मोजून चारच ओतलं होतं? नक्की?"

"मी मोजण्यात चुकत नाही," मी म्हणालो.

ऑर्डर मिळाली. म्हणजे बघा, माझ्या दुष्टपणाचासुद्धा फायदा त्यालाच झाला. पंचवीस यंत्रं झाली, मग आणखी झाली. शेड उघडली, ते दोघे जुने सोबती आले, विमलाबाई आता पाहुण्यांना सांगतात की हे घरी नाहीत, कामावर गेलेत. त्या तीन तारखांवर मी लाल शाईने रेघ मारून पुन्हा ०.० लिहिलं आणि बाजूला सही केली. फळा मी स्वतःहून उतरवला. सोसायटीत ढोक्याने कुणाला काही सांगितलं नाही. ते मला फार जड गेलं.

पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा दाराशी आला. म्हणाला, "सर, मशीन कितीही चांगलं असलं तरी शेजारी मानसाचा आकडा पायजे. रोज साडेआठचा तुमचा आकडा साइटवर टाकू का? तुमच्या नावानं." मी म्हणालो, बघू. दुसऱ्या दिवसापासून आकडा चिठ्ठीवर लिहून त्याच्या दाराच्या फटीत सरकवायला लागलो.

मागच्या गुरुवारी मला कणकण होती. नऊ वाजले तरी वर गेलो नव्हतो. सव्वानऊला फोन वाजला. शौनकचा, हिंजवडीहून. ऑफिसातून तो कधी फोन करत नाही.

"बाबा, बरे आहात ना? आज तुमचा आकडा आला नाही."

"तुला कसं कळलं?"

"म्हणजे काय, मी रोज बघतो."

मी म्हणालो, बरा आहे, जातोय वर. पेला घेतला आणि जिना चढलो. मुलगा माझा आकडा रोज वाचतो, ही गोष्ट मला चौदा वर्षं हवी होती. ती मिळाली, पण ढोक्यांच्या साइटवर. त्या दिवशी सात पूर्णांक दोन होता. चिठ्ठीवर लिहिला, खाली सही केली आणि त्यांच्या दाराची बेल वाजवून हातात दिली.